जुन्या मोटारीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा बिघाड

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (उत्प्रेरकी परिवर्तक) हे मोटारीच्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या विषारी वायूंचे रासायनिक अभिक्रियेने कमी अपायकारक वायूंमध्ये रूपांतर करणारे उपकरण होय. ते इंजिन व सायलेन्सर यांच्यामधील निष्कास नळीवर बसवलेले असते. या उपकरणात हलणारा एकही भाग नसतो आणि इंजिन निरोगी असेल तर ते बहुधा गाडीच्या आयुष्याइतके टिकते. त्यामुळे ते निकामी होते तेव्हा मूळ दोष अनेकदा अन्यत्र, म्हणजे प्रज्वलन, इंधनपुरवठा किंवा वंगण यांमध्ये असतो. हा दोष न शोधता केवळ कन्व्हर्टर बदलल्यास नवा कन्व्हर्टरही काही महिन्यांत जुन्याच्या वाटेने जातो. प्रस्तुत लेखात भारतातील जुन्या पेट्रोल मोटारींमधील कन्व्हर्टरचा बिघाड, त्याची कारणे, तपासणी व उपाय यांचा विचार केला आहे.

नाव

'उत्प्रेरक' ही संज्ञा मराठी विज्ञानलेखनात रुळलेली आहे. स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ असा तिचा अर्थ. 'परिवर्तक' हा शब्द मात्र विद्युत उपकरणांसाठीही वापरला जात असल्याने मोटारीच्या संदर्भात 'उत्प्रेरकी परिवर्तक' असे पूर्ण नाव घ्यावे लागते. व्यवहारात इंग्रजी नावच चालते. गॅरेजमध्ये तर त्याचे 'कॅटकॉन' किंवा नुसते 'कॅट' झाले आहे. या लेखात पुढे 'कन्व्हर्टर' हा सुटसुटीत शब्द वापरला आहे.

रचना व कार्य

गंजरोधक पोलादाच्या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र गाभा असतो. तो बहुधा कॉर्डिएराइट या मृत्तिका पदार्थाचा (सिरॅमिकचा) व काही गाड्यांत धातूच्या पातळ पत्र्याचा असतो. सर्वसाधारण गाभ्यात दर चौरस इंचास सुमारे ४०० आरपार नलिका असतात. नलिकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत थर आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. गाभा व डबा यांच्यामध्ये उष्णतेने फुगणाऱ्या तंतूंची गादी असते. ती गाभ्याला घट्ट धरून ठेवते आणि हादरेही शोषते.

पेट्रोल मोटारीतील कन्व्हर्टरला 'त्रिमार्गी' म्हणतात, कारण तो एकाच वेळी तीन कामे करतो. कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन पूर्ण करून तो त्याचा कार्बन डायऑक्साइड करतो, न जळलेल्या हायड्रोकार्बनांचे पाणी व कार्बन डायऑक्साइड करतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतील ऑक्सिजन काढून घेऊन नायट्रोजन मोकळा करतो. पहिल्या दोन कामांना ऑक्सिजन हवा असतो, तिसऱ्याला तो नको असतो. हा समतोल हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी जवळ असतानाच साधतो. ते प्रमाण राखण्यासाठी कन्व्हर्टरच्या आधी ऑक्सिजन सेन्सर (लॅम्बडा सेन्सर) बसवलेला असतो. प्रमाणातील किरकोळ चढउतार गाभ्यातील सेरियम ऑक्साइड सांभाळून घेते. ते जादा ऑक्सिजन साठवते व लागेल तेव्हा परत देते. गाभा सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय उत्प्रेरण नीट सुरू होत नाही. म्हणून थंड इंजिन सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटे गाडी सर्वाधिक प्रदूषण करते.

डिझेल गाड्यांतील ऑक्सिडीकरण उत्प्रेरक व काजळी गाळणी यांचे कार्य व बिघाड निराळे असून ते येथे विचारात घेतलेले नाहीत.

इतिहास

अमेरिकेत स्थायिक झालेले फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री यांनी लॉस एंजेलिसच्या धुरक्याने अस्वस्थ होऊन १९५० च्या सुमारास मोटारींसाठी उत्प्रेरकी परिवर्तकावर काम सुरू केले. १९५६ मध्ये त्यांना त्याचे एकस्व (पेटंट) मिळाले. परंतु त्या काळी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल शिसे मिसळले जाई व शिशाच्या थराने उत्प्रेरक झपाट्याने निकामी होई. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर चित्र पालटले. कॉर्निंग कंपनीतील रॉडनी बॅग्ली, अर्विन लॅकमन व रोनाल्ड लुईस यांनी मृत्तिकेचा पोळ्यासारखा गाभा तयार केला. एंगलहार्ड कंपनीतील जॉन मूनी व कार्ल कीथ यांनी १९७३ मध्ये त्रिमार्गी कन्व्हर्टर विकसित केला. १९७५ पासून अमेरिकेतील बहुतेक नव्या मोटारींना कन्व्हर्टर बसू लागले आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करावे लागले.

भारतात महेशचंद्र मेहता यांच्या जनहित याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे या विषयाला गती मिळाली. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तेथे शिसेविरहित पेट्रोलची विक्री सुरू झाली. महानगर सोडून लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाडीला मात्र असे पेट्रोल वाटेत सर्वत्र मिळत नसे. एखाददुसऱ्या टाकीभर शिसेयुक्त पेट्रोलनेही कन्व्हर्टरची हानी होत असल्याने त्या पिढीतील काही गाड्यांचे कन्व्हर्टर मालकांच्या नकळत लवकर निकामी झाले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. पुढे भारत स्टेज मानकांची पातळी वाढत गेली. भारत स्टेज ४ मानके २०१० मध्ये मोठ्या शहरांत व १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली, तर भारत स्टेज ६ मानके १ एप्रिल २०२० पासून आली.

बिघाडाचे प्रकार

बिघाड तीन तऱ्हांचा असतो. पहिला म्हणजे 'विषबाधा'. शिसे, फॉस्फरस, जस्त, सिलिकॉन इत्यादींचा थर मौल्यवान धातूंच्या कणांवर बसतो व वायूंचा त्यांच्याशी संपर्क तुटतो. गाभा वरून धडधाकट दिसतो, गाडीही नीट पळते, पण काम होत नाही. दुसरा औष्णिक बिघाड. तापमान दीर्घकाळ सुमारे ९०० अंशांच्या वर राहिल्यास धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात व क्रियाशील पृष्ठभाग घटतो. तापमान १,४०० अंशांच्या पुढे गेल्यास गाभाच वितळून नलिका बुजतात. तिसरा यांत्रिक बिघाड, म्हणजे गाभा तडकणे, सैल होणे किंवा त्याचे तुकडे होणे.

मालकाला त्रास मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारात जाणवतो. पहिल्या प्रकारात त्रास रस्त्यावरच्या इतरांना होतो, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहू शकतो.

कारणे

सर्वांत घातक कारण म्हणजे इंजिनाचे 'मिसिंग', अर्थात एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी न पडणे अथवा दुबळी पडणे. न जळलेले पेट्रोल व न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही एकत्र तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये पोचतात आणि जे ज्वलन सिलिंडरमध्ये व्हायचे ते गाभ्यात होते. झिजलेला स्पार्क प्लग, तडकलेली प्लगची वायर किंवा इग्निशन कॉइल यांपैकी काहीही या मुळाशी असू शकते. प्लगचा संच तुलनेने किरकोळ किमतीत येतो. तो वेळेवर न बदलल्याने गमावलेला कन्व्हर्टर त्याच्या कितीतरी पट महाग असतो. बॅटरी उतरलेली गाडी वारंवार धक्का मारून सुरू करण्यानेही कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते. गाडी मिसिंग मारत असतानाच मुक्कामी पोचण्याच्या घाईने पुढे दामटणे हे तर कन्व्हर्टर वितळण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण जास्त असणे हे त्याच जातीचे, पण मंद गतीचे कारण. ऑक्सिजन सेन्सर वयोमानाने सुस्तावतो. इंजिनाचे तापमान मोजणारा सेन्सर बिघडल्यास संगणक इंजिन थंडच आहे असे समजून जादा पेट्रोल देत राहतो. इंजेक्टर गळू लागतो. या दोषांत गाडी चालण्यात फारसा फरक पडत नाही, फक्त मायलेज घटते.

जुन्या गाड्यांत विशेषत्वाने आढळणारे कारण म्हणजे इंजिनाने ऑइल 'खाणे'. ऑइलमधील झीजरोधक घटकांत फॉस्फरस व जस्त असते आणि ऑइल जळाले की त्यांची राख गाभ्यावर बसते. सकाळी गाडी सुरू करताना क्षणभर निळसर धूर येत असेल तर व्हॉल्व्ह सील कडक झाल्याची शक्यता असते. वेग वाढवताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंग झिजलेल्या असतात. हेड गॅस्केट फुटून कूलंट सिलिंडरमध्ये जात असल्यास त्यातील घटकांचाही असाच थर बसतो. निष्कास बाजूला किंवा इंजिनावर हलक्या प्रतीचा सिलिकॉन सीलंट भरमसाट लावल्यानेही सेन्सर व कन्व्हर्टर दोन्ही दूषित होतात.

मागाहून सीएनजी संच बसवलेल्या गाड्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. सीएनजीच्या ज्वलनासाठी अधिक जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे पेट्रोलवर चालून जाणारा झिजका प्लग गॅसवर मिसिंग देतो. शिवाय सीएनजीतील मिथेन हा उत्प्रेरणाने जाळण्यास सर्वांत चिवट असा हायड्रोकार्बन आहे.

यांत्रिक बिघाडाला रस्ते व पाऊस कारणीभूत होतात. उंच गतिरोधकावर डबा आपटणे, खड्ड्यांतील सततचे हादरे, आणि तापलेला डबा अचानक साचलेल्या पाण्यात बुडाल्याने बसणारा औष्णिक धक्का यांनी गाभा तडकतो. तंतूंची गादी जीर्ण झाली असेल तर तो आतल्या आत घासून सैल होतो.

लक्षणे

गाभा बुजू लागला की वायू बाहेर पडण्यास अडथळा होतो, सिलिंडर पूर्ण रिकामे होत नाहीत व ताजी हवा आत येऊ शकत नाही. परिणामी पिकअप जातो. सपाटीवर सावकाश चालणारी गाडी घाटात मात्र धापा टाकते. ॲक्सिलरेटर दाबूनही इंजिनाचे फेरे एका मर्यादेपुढे वाढत नाहीत. इंजिन तापते, गाडीच्या तळाचा पत्रा नेहमीपेक्षा गरम लागतो आणि पूर्ण बुजल्यास गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. हीच लक्षणे बुजलेले इंधन फिल्टर, दुबळा पेट्रोल पंप किंवा झिजलेली क्लच प्लेट यांचीही असतात, हे ध्यानात ठेवावे लागते.

थंड इंजिन सुरू करताना किंवा खड्ड्यातून जाताना डब्यातून खुळखुळ आवाज येणे हे तुटक्या गाभ्याचे लक्षण होय. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. तो बहुधा जादा पेट्रोलयुक्त मिश्रणाचा निदर्शक असून केवळ वासावरून कन्व्हर्टर गेल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. इंजिनाचा तपासदर्शक दिवा स्थिर पेटणे आणि लुकलुकणे यांतही फरक आहे. लुकलुकणारा दिवा म्हणजे कन्व्हर्टरला इजा पोचेल इतके मिसिंग त्या क्षणी चालू आहे. अशा वेळी वेग कमी करून गाडी बाजूला घेणे व ओढून नेणे स्वस्त पडते.

तपासणी

ज्या गाड्यांत कन्व्हर्टरच्या पुढे व मागे असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, त्यांत मागील सेन्सर कन्व्हर्टरवर देखरेख करतो. पुढील सेन्सरचा संकेत सतत वरखाली होत असतो. कन्व्हर्टर सक्षम असेल तर मागील सेन्सरचा संकेत बराचसा स्थिर राहतो. मागील सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागला की संगणक 'पी ०४२०' हा दोषांक नोंदवतो. या दोषांकाचा अर्थ 'कार्यक्षमता मर्यादेखाली' एवढाच आहे, 'कन्व्हर्टर बदला' असा नाही. निष्कास नळीच्या जोडावरील गळतीतून हवा आत शिरणे किंवा मागील सेन्सरच सदोष असणे यांमुळेही तो दिसतो. भारतात एप्रिल २०१३ पासून लागू झालेल्या दुसऱ्या टप्प्यातील स्वयंनिदान प्रणालीपूर्वीच्या गाड्यांत मागील सेन्सर असेलच असे नाही. तेथे पुढील जुन्या पद्धतीच उपयोगी पडतात.

पुढील सेन्सर काढून त्या जागी दाबमापक बसवल्यास नळीतील उलटा दाब थेट मोजता येतो. तो आयडलिंगला दर चौरस इंचास सुमारे १.५ पौंडापेक्षा व २,५०० फेऱ्यांवर सुमारे ३ पौंडांपेक्षा कमी असावा. इनटेक मॅनिफोल्डला निर्वातमापक लावूनही अंदाज येतो. निरोगी इंजिनात आयडलिंगला पाऱ्याचा १७ ते २१ इंच निर्वात मिळतो. फेरे २,५०० वर स्थिर ठेवले असता काटा हळूहळू घसरत गेला तर निष्कास मार्ग तुंबला आहे असे समजावे. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीवरील शहरात निर्वात जवळजवळ २ इंचांनी कमीच दिसतो, त्यावरून इंजिनाला दोष देऊ नये. डबा पूर्ण थंड असताना रबरी हातोडीने हलके ठोकल्यास तुटका गाभा खुळखुळतो. अवरक्त तापमापकाने डब्याच्या दोन्ही टोकांचे तापमान मोजण्याची पद्धत लोकप्रिय आहे. कार्यक्षम गाभ्याचे मागील टोक सहसा अधिक गरम असते. मात्र नव्या इंजिनांत जाळण्याजोगे वायू मुळातच थोडे असल्याने हा फरक नगण्य असू शकतो. ही पद्धत एकटीने निर्णायक नाही.

पीयूसी चाचणीचा उपयोग व मर्यादा दोन्ही जाणून घेणे आवश्यक आहे. पेट्रोल मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण तीत मोजले जाते. भारत स्टेज २ पूर्वीच्या चारचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, तर भारत स्टेज २ व ३ च्या गाड्यांना ०.५ टक्के आहे. चाचणीपूर्वी इंजिन व कन्व्हर्टर चांगले तापलेले नसल्यास निरोगी गाडीही अपयशी ठरू शकते. याउलट, नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मोजणी या चाचणीत होत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे कन्व्हर्टरची तिन्ही कामे सुरळीत आहेत, असे म्हणता येत नाही.

उपाय

क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम प्लग, वायरी, कॉइल, एअर फिल्टर व पुढील ऑक्सिजन सेन्सर तपासून मिश्रण व प्रज्वलन दुरुस्त करावे. ऑइल व कूलंटचा वापर मोजावा. नळीची गळती बंद करावी. त्यानंतर दोषांक पुसून काही दिवस गाडी चालवून पुन्हा तपासणी करावी. सतत शहरी वाहतुकीत रखडणाऱ्या गाडीच्या गाभ्यावर साचलेली काजळी व गंधक महामार्गावरील तासाभराच्या सलग प्रवासाने, म्हणजे उच्च तापमानाने, काही अंशी जळून जाते. शिसे, फॉस्फरस व सिलिकॉन यांचे थर अशा रीतीने जात नाहीत. इंधनात मिसळण्याची 'कॅट क्लीनर' द्रावणे काजळीपुरती उपयोगी पडली तर पडतात. वितळलेला किंवा तुटलेला गाभा कोणत्याही द्रावणाने पूर्ववत होत नाही. डबा काढून थिनर वा आम्लाने धुण्याचे प्रयोग धातूंचा थरच उखडण्याची भीती असल्याने टाळलेले बरे.

बदलणे अटळ असेल तर मूळ उत्पादकाचा, स्वतंत्र उत्पादकाचा व वापरलेला असे तीन पर्याय असतात. स्वतंत्र उत्पादकांच्या स्वस्त कन्व्हर्टरांत मौल्यवान धातू कमी असतात व ते तुलनेने लवकर क्षीण होतात. तरी पाचसहा वर्षेच वापरायच्या गाडीला गाडीच्या मानकाशी जुळणारा असा कन्व्हर्टर पुरेसा ठरतो. वापरलेल्या कन्व्हर्टरची उरलेली क्षमता बाहेरून पाहून कळत नाही. त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसल्यास तो घेणे जुगारच होय. तुटलेल्या गाभ्याचे तुकडे पुढे सायलेन्सरमध्ये अडकलेले असतात, म्हणून नवा कन्व्हर्टर जोडण्यापूर्वी मागील नळी झाडून घ्यावी लागते. इंजिनाच्या अगदी लगत बसवलेल्या कन्व्हर्टरांत गाभ्याची भुकटी इंजिनात ओढली जाऊन सिलिंडर खरवडले जाण्याचाही धोका असतो.

गाभा काढून टाकण्याची प्रथा

बुजलेला गाभा फोडून रिकामा डबा परत बसवणे हा अनेक गॅरेजांत सुचवला जाणारा 'इलाज' आहे. गाडीचा पिकअप तत्काळ परत येतो, आणि त्यामुळे ग्राहकाला तो पटतो. प्रत्यक्षात तुंबलेल्या नळीचा अडथळा गेल्याचा तो परिणाम असतो. नव्या कन्व्हर्टरनेही तेवढाच फरक पडला असता. फोडलेल्या गाभ्यातील धातूंना भंगारात चांगला भाव मिळतो, ही गोष्ट अशा वेळी ग्राहकाला सांगितली जातेच असे नाही. मूळ दोष तसाच राहतो आणि कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइडे कोणत्याही प्रक्रियेविना बाहेर पडतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो व वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्टपणे बांधला जातो. जुन्या गाडीच्या तळाचा पत्रा गंजलेला, नळी गळकी आणि गाभा काढलेला असेल तर बंद काचांच्या गाडीत किंवा बंद गॅरेजमध्ये हा वायू जीवघेणा ठरू शकतो.

कायद्याच्या दृष्टीनेही हा इलाज टिकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ११५ नुसार प्रत्येक वाहनाने उत्सर्जनाची मर्यादा पाळली पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणासाठी येते. तेव्हा गाडीची तपासणी होते व वैध पीयूसी लागते. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानुसार कन्व्हर्टरवर उत्पादकाने ८ वर्षे किंवा ८०,००० मैल (सुमारे १,२८,७०० किलोमीटर) हमी द्यावी लागते.

चोरी व पुनर्वापर

एका कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू काही ग्रॅमच असतात, परंतु त्यांच्या किमतीमुळे चोरीचा धंदा जगभर वाढला. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९,००० डॉलरच्या घरात गेला होता. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये टोयोटा प्रियससारख्या संकरित मोटारी चोरांचे विशेष लक्ष्य ठरल्या. या गाड्यांचे इंजिन कमी वेळ चालत असल्याने त्यांचा उत्प्रेरक कमी झिजलेला असतो. भारतातही गुजरात, महाराष्ट्र व दिल्ली परिसरात मारुती ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या. चोरांना हवा होता तो सायलेन्सरला जोडलेला कन्व्हर्टर. सकाळी गाडी सुरू करताच ट्रॅक्टरसारखा आवाज आला तर प्रथम खाली वाकून पाहावे, असे त्या काळात व्हॅनचालक एकमेकांना सांगत.

निकामी कन्व्हर्टरलाही याच कारणाने किंमत असते. गाभ्याची भुकटी करून, वितळवून व रासायनिक प्रक्रियेने त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम परत मिळवतात. जगातील या धातूंच्या पुरवठ्याचा मोठा वाटा अशा पुनर्वापरातून येतो. कन्व्हर्टर बदलताना जुना डबा परत मागून घेणे किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घेणे हा मालकाचा हक्क आहे. गाभा घरी फोडू नये. त्याच्या तंतूंची व मृत्तिकेची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते.